महाविद्यालयाचा कारभार शिकवणारा सिम्युलेशन खेळ: मांडणीपासून चर्चेपर्यंत

कारभाराचं प्रशिक्षण खेळातून द्यायचं ठरतं, साहित्य जमतं, माणसं जमतात आणि संध्याकाळी सगळे म्हणतात, 'छान झालं.' काय शिकलो, हे मात्र कोणाला सांगता येत नाही. याची कारणं बहुतेक ठिकाणी तीच असतात. नियम समजावण्यातच पहिला तास जातो. खरे प्राचार्यच खेळातही प्राचार्य होतात आणि बाकीचे माना डोलावतात. निर्णयाचा परिणाम त्याच फेरीत दाखवला जातो, म्हणून खेळ प्रश्नमंजूषेसारखा होतो. आणि ज्या चर्चेसाठी हा सगळा खटाटोप करायचा, ती आभारप्रदर्शनाच्या आधीच्या दहा मिनिटांत उरकली जाते.

महाविद्यालय चालवणं अवघड का असतं? आज केलेल्या खर्चाचं फळ वर्ष-दीड वर्षानं दिसतं. आज टाळलेल्या कामाची किंमतही तेवढ्याच उशिरानं चुकवावी लागते आणि तोवर खुर्चीवरचा माणूस बदललेला असतो. खेळात हा उशीर दोन-तीन तासांत अनुभवता येतो, त्यासाठीच खेळ घ्यायचा. पुढची सगळी मांडणी या उशिराभोवती केली आहे. तो काढून टाकला तर बाकीची मेहनत वाया जाईल.

हे मार्गदर्शन नागपूर, अमरावती आणि गोंडवाना या विद्यापीठांशी संलग्न असलेल्या ग्रामीण महाविद्यालयांसाठी आहे. नवे विभागप्रमुख, अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे (IQAC) समन्वयक, महाविद्यालय विकास समितीचे सदस्य आणि कार्यालयातले कर्मचारी हे त्याचे खेळाडू. वीस माणसं, एक मोठी खोली, कागद आणि मूठ-दोन मूठ चिंचोके एवढ्यात हा खेळ होतो. वीज गेली तरी थांबत नाही.

१. आधी शिकवायचा प्रश्न ठरवा

'महाविद्यालयाचा कारभार' हा विषय एका दिवसात मावत नाही. त्यातला एकच प्रश्न घ्या आणि तो एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: हातात पैसा आणि माणसांचा वेळ दोन्ही अपुरे असताना आधी काय करायचं आणि काय मागे ठेवायचं? पुढची सगळी उदाहरणं मी याच प्रश्नाला धरून दिली आहेत.

दुसरे प्रश्नही घेता येतात, जसं की रिक्त जागांचा भार कसा वाटायचा, नवी तुकडी सुरू करावी की नाही, महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या 'नॅक' संस्थेच्या मूल्यांकनाची तयारी केव्हापासून करायची. पण दोन प्रश्न एका खेळात घालू नका. दोन प्रश्न घातले की नियम दुप्पट होतात आणि माणसं नियमांतच अडकून बसतात.

पडताळा: लिहिलेलं वाक्य कार्यालयातल्या शिपायाला किंवा ग्रंथालय परिचराला वाचून दाखवा. त्यांना कळलं तर वाक्य बरोबर आहे.

२. संगणकावरचा खेळ की कागदावरचा?

या विषयावर 'व्हर्च्युअल यू' नावाचा संगणक-खेळ आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रशासनात काम केलेल्या विल्यम मॅसी यांच्या कल्पनेतून तो २००० साली आला. खेळाडू विद्यापीठाचा अध्यक्ष होतो आणि अंदाजपत्रक, प्राध्यापकांची भरती, प्रवेश, शुल्क अशा गोष्टी ठरवतो. पुढे तो मोफत उपलब्ध झाला. २०२२ साली आलेला 'टू पॉइंट कॅम्पस' जास्त करमणुकीचा आहे. इमारती आणि खोल्या मांडणं, विद्यार्थ्यांना खूश ठेवणं यावर त्याचा भर आहे.

सुरुवात कागदाच्या खेळानं करा, असं माझं स्पष्ट मत आहे. 'व्हर्च्युअल यू'चा सांगाडा अमेरिकी विद्यापीठाचा आहे. तिथे शुल्क वाढवायचं की नाही हे अध्यक्ष ठरवतो, देणग्यांचा मोठा निधी असतो, क्रीडासंघांवरचा खर्च हा स्वतंत्र निर्णय असतो. आपल्याकडे अनुदानित जागांचे पगार शासनाकडून येतात, शुल्काला मर्यादा असतात, भरतीला मंजुरी आणि बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे जागांची क्रमवार यादी) लागते. शिवाय खेळ इंग्रजीत आहे, त्यामुळे ज्याचं इंग्रजी चांगलं त्याच्याच हातात माऊस राहतो.

तरीही त्याचा एक उपयोग आहे. कागदाचा खेळ होऊन गेल्यावर, दुसऱ्या एखाद्या दिवशी, संगणक कक्षात दोघा-दोघांना बसवा. एकच गोष्ट बदलायला सांगा, समजा नव्या प्राध्यापकांची भरती. बाकी काही हलवायचं नाही. खेळातलं प्रत्येक वर्ष संपलं की थांबवा आणि काय बदललं ते वहीत लिहून घ्या. उशिरानं येणारा परिणाम तिथेही दिसतो. सगळी बटणं एकाच वेळी दाबू दिलीत तर कशानं काय झालं ते सांगता येणार नाही.

३. माणसं आणि भूमिका

एका गटात पाच जण आणि जास्तीत जास्त चार गट. त्याहून जास्त माणसं असतील तर दोन दिवस घ्या. सूत्रधार एक, आणि त्याच्याजवळ हिशेब ठेवायला दुसरा माणूस हवाच. सूत्रधारच हिशेब करत बसला तर त्याचं गटांकडे लक्ष राहत नाही. कोण गप्प बसलंय, कोण रेटून नेतंय हे बघणं त्याचं खरं काम.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधल्या महाविद्यालय विकास समितीवरून भूमिका घेतल्या तर वेगळं समजवावं लागत नाही. त्या समितीत संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव, शिक्षकांचे प्रतिनिधी, शिक्षकेतर कर्मचारी, गुणवत्ता कक्षाचे समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी असतात आणि प्राचार्य सदस्य-सचिव असतात. खेळासाठी यातल्या पाच भूमिका पुरेत: प्राचार्य, लेखापाल, शिक्षक प्रतिनिधी, गुणवत्ता समन्वयक आणि विद्यार्थी प्रतिनिधी. संस्थाचालकाची भूमिका कोणालाच देऊ नका. ती सूत्रधाराकडे ठेवा, नाहीतर गटातला प्रत्येक निर्णय 'अध्यक्ष साहेब काय म्हणतील' यावर येऊन थांबतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम: खऱ्या आयुष्यात जे पद आहे, ते खेळात घ्यायचं नाही. प्राचार्यांना विद्यार्थी प्रतिनिधी करा. वरिष्ठ लिपिकाला प्राचार्य करा. तासिका तत्त्वावर (तासाप्रमाणे मानधनावर) शिकवणाऱ्या मॅडमना लेखापाल करा. साहेब आणि त्यांच्या हाताखालचा माणूस एका गटात ठेवू नका. आपल्याकडे साहेबांसमोर कोणी उलट बोलत नाही, आणि खेळात उलट बोलणं झालंच नाही तर पाच डोकी असूनही निर्णय एकाच डोक्याचा होतो.

सावध: भूमिका-चिठ्ठीवर स्वभाव लिहू नका. 'चिडखोर प्राचार्य', 'कामचुकार लिपिक' असं लिहिलं की नाटक सुरू होतं. चिठ्ठीवर फक्त दोन ओळी हव्यात: तुमची जबाबदारी काय आणि बाकीच्यांना माहीत नसलेली कोणती माहिती तुमच्याजवळ आहे. उदाहरणार्थ, विद्यार्थी प्रतिनिधीलाच माहीत असतं की तीन गावांची मुलं पहिल्या तासाला कधीच पोचत नाहीत, कारण एसटी साडेदहाला येते. त्यानं तोंड उघडल्याशिवाय ते गटाला कळत नाही.

४. आकड्यांची मांडणी

स्वतःच्या महाविद्यालयाचे खरे आकडे वापरू नका. वापरले की दहाव्या मिनिटाला 'मागच्या वर्षीचे ते पैसे कुठे गेले' हा विषय निघतो आणि खेळ संपतो. रुपयेही वापरू नका. रुपये आले की माणसं दरांवर वाद घालतात. चिंचोके वापरा. हातात घेऊन मोजता येतात, आणि ढीग कमी होताना डोळ्यांनी दिसतो. तो दिसणं फार कामाचं असतं.

माझी मांडणी खाली देतो. हे आकडे खेळासाठी बसवलेले आहेत, ते कुठल्याही खऱ्या महाविद्यालयाचे नाहीत. एक फेरी म्हणजे एक सत्र. सहा फेऱ्या म्हणजे तीन वर्षं, एका तुकडीचा प्रथम वर्षापासून पदवीपर्यंतचा प्रवास.

विद्यार्थी ६००. हजेरी ६० टक्के. निकाल ५५ टक्के. शिल्लक ४० चिंचोके.

दर सत्राचं उत्पन्न: १० विद्यार्थ्यांमागे १ चिंचोका, म्हणजे ६०. पण त्यातला निम्मा पैसा शिष्यवृत्तीतून येतो आणि तो एक सत्र उशिरा मिळतो. म्हणजे या सत्राचे ३० आणि मागच्या सत्राचे थकलेले ३०, असे ६० हातात.

ठरलेला खर्च: वीज, परीक्षा, देखभाल वगैरे मिळून ४५. अनुदानित जागांचे पगार या हिशेबात घेऊच नका. उरले १५. एवढ्यावरच गटाचा अधिकार.

शिकवण्याचा भार: आठवड्याला २४० तासिका. भरलेल्या जागा ११. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन धरलं आहे. तेच घ्या: ११ जणांच्या १७६ तासिका झाल्या. उरलेल्या ६४ तासिकांसाठी, प्रत्येकी ८ प्रमाणे, तासिका तत्त्वावरचे ८ शिक्षक लागतात. खेळात त्यांचं मानधन संस्थेच्या पैशातून द्यायचं आहे, प्रत्येकी १ चिंचोका.

खर्चाच्या मागण्या अशा: तासिका शिक्षक ८, प्रयोगशाळा व ग्रंथालय ६, छपराची दुरुस्ती ४, कार्यालयातला संगणक व इंटरनेट ३. बेरीज २१. हातात १५.

आता दुसरं भांडवल, माणसांचा वेळ. प्रत्येक गटाला दर सत्राला वेळेच्या १० चिठ्ठ्या द्या. ग्रामीण महाविद्यालयात पैशापेक्षा हीच गोष्ट जास्त तुटपुंजी असते. एकच माणूस परीक्षा, राष्ट्रीय सेवा योजना आणि गुणवत्ता कक्ष सांभाळत असतो. कामं अशी: वर्षभराच्या नोंदी व वार्षिक गुणवत्ता अहवाल ३, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेणं ३, पालकभेटी ३, एसटी आगारात जाऊन गाडीची वेळ बदलून घेणं २, वेळापत्रक हंगामाप्रमाणे बसवणं २. बेरीज १३. हातात १०.

पडताळा: मागण्यांची बेरीज हातातल्या भांडवलापेक्षा पाव हिस्सा ते निम्म्याच्या दरम्यान जास्त असावी. त्याहून कमी असेल तर निवड करावी लागत नाही, आणि फारच जास्त असेल तर माणसं 'काहीच होऊ शकत नाही' म्हणून सोडून देतात.

५. उशिराचे नियम

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नियम सहा-सातच ठेवा, पण प्रत्येकाला स्वतःचा उशीर द्या.

तासिका शिक्षकांच्या दर २ रिकाम्या जागांमागे पुढच्या सत्रात निकाल ३ टक्क्यांनी घसरतो. जागा भरल्या की घसरण थांबते, पण गेलेला निकाल आपोआप परत येत नाही.

प्रयोगशाळा-ग्रंथालयावर केलेला खर्च दोन सत्रांनंतर निकालात ४ टक्के वाढ देतो. तोवर काहीच दिसत नाही.

छप्पर दुरुस्त केलं नाही तर पुढच्या पावसाळी सत्रात तीच दुरुस्ती ४ ऐवजी ८ चिंचोक्यांना पडते, आणि तेव्हा ती टाळता येत नाही.

संगणकावर खर्च केला तर पुढच्या सत्रापासून वेळेच्या २ चिठ्ठ्या जास्त मिळतात.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेतले नाहीत तर पुढच्या सत्रात थकलेल्या ३० ऐवजी २० चिंचोकेच येतात.

एसटीची वेळ बदलली तर त्याच सत्रात हजेरी ५ टक्क्यांनी वाढते, पालकभेटींनी पुढच्या सत्रात ५. हजेरी लागोपाठ दोन सत्रं ५० च्या खाली गेली की निकाल ३ टक्क्यांनी उतरतो.

नोंदी ठेवण्याचा परिणाम पाचव्या फेरीपर्यंत शून्य. पाचव्या फेरीत मूल्यांकन येतं. आधीच्या चारही सत्रांत नोंदी असतील तर काहीच त्रास नाही. दोन-तीन सत्रांत असतील तर वेळेच्या ४ चिठ्ठ्या जातात. त्याहून कमी असतील तर ८ जातात, म्हणजे त्या सत्रात दुसरं जवळजवळ काहीच करता येत नाही.

यावर एक वार्षिक नियम: तिसऱ्या आणि पाचव्या फेरीच्या सुरुवातीला निकाल वर्षभरापूर्वीपेक्षा दर पूर्ण ५ टक्क्यांनी घसरला असेल, तर २० विद्यार्थी कमी.

हे नियम एकत्र कसे चालतात ते बघा. एका गटानं पहिल्या सत्रात एकही तासिका शिक्षक घेतला नाही. ६ चिंचोके प्रयोगशाळेवर घातले, ९ वाचवले. शिल्लक ४९ झाली, गट खूश. दुसऱ्या सत्रात निकाल ५५ वरून ४३ वर आला. घाबरून त्यांनी आठही शिक्षक घेतले. तिसऱ्या सत्रात प्रयोगशाळेचे ४ टक्के मिळाले, निकाल ४७. तरी वर्षाच्या हिशेबात ८ टक्के खालीच. २० विद्यार्थी गेले आणि उत्पन्न ६० वरून ५८ वर आलं. पहिल्या सत्रातली 'बचत' दर सत्राला थोडी थोडी परत जात राहते, आणि ती कुठून गळतेय हे गटाला लगेच उमगत नाही. हेच तर शिकायचं आहे.

सावध: हे नियम खेळाडूंना आधी सांगायचे नाहीत. कामांची आणि किमतींची यादी तेवढी द्या. परिणामांचा कागद सूत्रधार आणि हिशेबनीस यांच्याकडेच राहतो. खऱ्या कारभारातही परिणामांचा तक्ता कोणी आधी हातात देत नाही.

६. घटनांच्या चिठ्ठ्या

प्रत्येक सत्रात निर्णय झाल्यावर एक चिठ्ठी उघडायची. पहिल्या फेरीत मात्र नको, माणसांना बसू द्या. चिठ्ठ्या दोन प्रकारच्या हव्यात: येणार हे सगळ्यांना माहीत असूनही विसरलं जातं अशी, आणि खरोखर अचानक येणारी.

पहिल्या प्रकारासाठी आपला हंगामच पुरतो. वऱ्हाडात ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, पाठोपाठ कापूस वेचणी. वर्ग ओस पडतात. झाडीपट्टीत पावसाळ्यात धानाची रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी. गडचिरोली-गोंदियाकडे उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफूल, मग तेंदूपत्ता. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. आणि उन्हाळी परीक्षेच्या वेळी पारा ४५ च्या आसपास. या चिठ्ठ्यांचा परिणाम हजेरी १५ टक्क्यांनी कमी, असा ठेवा. पण ज्या गटानं त्या सत्रात वेळापत्रक हंगामाप्रमाणे बसवलं असेल, त्याला काही होत नाही. चिठ्ठी उघडल्यावर कोणीतरी म्हणतंच, "हे तं दरवर्षीच होते." हे वाक्य लिहून ठेवा, चर्चेत लागेल.

अचानकच्या चिठ्ठ्या दोन-तीनच ठेवा. शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला: या सत्रात थकलेले पैसे येणार नाहीत, पुढच्या सत्रात एकदम येतील. लेखापाल निवृत्त झाले आणि जागा भरायला परवानगी नाही: इथून पुढे दर सत्राला वेळेच्या २ चिठ्ठ्या कमी. परीक्षा पुढे ढकलली: पुढच्या सत्राच्या २ चिठ्ठ्या परीक्षेत गेल्या.

जात, पक्ष, स्थानिक पुढारी, संस्थेतला वारसा-वाद यांपैकी काहीही चिठ्ठीवर नको. तो विषय एकदा सुरू झाला की खेळाकडे परत येता येत नाही. शेतकरी आत्महत्येचीही चिठ्ठी करू नका. खोलीत बसलेल्यांपैकी कोणाच्या घरची ती गोष्ट असू शकते.

७. कोरडी फेरी

खेळाच्या निदान दोन-तीन दिवस आधी सूत्रधार आणि हिशेबनिसानं सहाही फेऱ्या स्वतः खेळून बघाव्यात, एकदा काटकसरी गट होऊन, एकदा उधळ्या गट होऊन.

काय बघायचं? दुसऱ्या फेरीत कोणाचं दिवाळं निघतं का. पहिल्या फेरीत पंधराही चिंचोके खर्च झाले, हप्ता अडकण्याची चिठ्ठी दुसऱ्या फेरीत आली आणि त्या फेरीत गटानं काहीही जास्तीचं घेतलं नाही, तर हातात ३०, खर्च ४५, शिल्लक ४० वरून २५. आठ शिक्षक घेतले तर १७. गट अडचणीत आहे पण उभा आहे, हे बरोबर. तिसऱ्याच फेरीत कोणाचा ढीग संपत असेल तर सुरुवातीची शिल्लक वाढवा. काहीही केलं तरी शिल्लक वाढतच असेल तर ठरलेला खर्च ४५ वरून ४७ करा. एकदा एकच आकडा बदला आणि पुन्हा खेळून बघा.

हिशेबनिसाला एका गटाचा हिशेब दोन मिनिटांत करता आला पाहिजे. नाही जमला तर नियम कमी करा, माणूस बदलू नका.

८. खेळाचा दिवस

दिवस निवडताना परीक्षा, प्रवेश आणि मूल्यांकन समितीच्या भेटीच्या आसपासचे आठवडे टाळा. सत्र सुरू होण्याआधीचा जूनचा आठवडा चांगला. उन्हाळ्यात घ्यायचाच असेल तर सकाळी सात ते अकरा असे दोन दिवस करा. दुपारी पत्र्याखाली कोणाचंच डोकं चालत नाही. दोन दिवसांत करताना सहाही फेऱ्या पहिल्या दिवशी आणि चर्चा दुसऱ्या दिवशी ठेवा. फेऱ्या मध्ये तोडू नका.

क्रम असा ठेवा. पंधरा मिनिटांत ओळख: प्रश्नाचं वाक्य फळ्यावर लिहा, चिंचोके आणि वेळेच्या चिठ्ठ्या वाटा, कामांच्या याद्या द्या. उद्घाटन, सत्कार, प्रास्ताविक काही नको. शंका आल्या तर म्हणा, "पहिली फेरी खेळा, मग विचारा." बहुतेक शंका आपोआप सुटतात.

मग फेऱ्या. प्रत्येकीला पंचवीस मिनिटं: पंधरा मिनिटं गटाची चर्चा, निर्णयपत्रक भरून सूत्रधाराकडे, मग चिठ्ठी, मग नवे आकडे. निर्णयपत्रकावर निर्णयासोबत एक ओळ कारण लिहिणं सक्तीचं करा, आणि त्याखाली दुसरी ओळ: 'याचा परिणाम कधी दिसेल असं वाटतं?' या दोन ओळी नसतील तर चर्चेत प्रत्येक जण 'आम्हाला तेव्हाच माहीत होतं' म्हणतो.

तिसरी फेरी संपली की अदलाबदल. ही गोष्ट आधी कोणालाही सांगायची नाही. पहिल्या गटानं दुसऱ्याचं महाविद्यालय घ्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, तिसऱ्यानं चौथ्याचं आणि चौथ्यानं पहिल्याचं. हस्तांतरणासाठी दहा मिनिटं आणि अर्धा कागद. तोंडी काही सांगायचं नाही. लोक नाराज होतात, "आम्ही केलेलं त्यांच्या घशात!" असंही म्हणतात. होऊ द्या. ज्या गटानं नोंदी ठेवल्या नव्हत्या त्याची किंमत आता दुसरा गट भरणार असतो. बदली, निवृत्ती आणि प्रभारी कारभारात नेमकं हेच होतं. अर्ध्या कागदावर काय लिहिलं आणि काय राहून गेलं, हा चर्चेतला सर्वात समृद्ध भाग ठरतो. ते सगळे कागद जपून ठेवा.

अदलाबदलीनंतर जेवणाची सुट्टी द्या. राग शांत होतो आणि जेवताना खरी बोलणी होतात.

सावध: गुण, क्रमांक, बक्षीस काहीही जाहीर करू नका. एका आकड्यावर विजेता ठरवला की चौथ्या फेरीपासून सगळे तोच आकडा वाढवायला लागतात. निकाल, हजेरी, शिल्लक आणि विद्यार्थीसंख्या या चारांचे आलेख भिंतीवर लावा, प्रत्येक महाविद्यालयाचा वेगळा. तेवढं पुरे.

९. चर्चा

चर्चेला किमान दीड तास हवा. वेळ कमी पडत असेल तर सहावी फेरी सोडा, चर्चा कापू नका.

आधी सगळ्यांना भूमिकेतून बाहेर काढा. भूमिका-चिठ्ठ्या बाजूला ठेवायला सांगा, माणसांना त्यांच्या नावानं हाक मारा. मग प्रश्न याच क्रमानं विचारा.

पहिला: काय घडलं? फक्त आलेख आणि निर्णयपत्रकं बघून सांगायचं. कोणत्या सत्रात निकाल खाली आला? त्याच्या आधीच्या दोन सत्रांत कशावर खर्च केला होता? 'आम्हाला वाटलं' हा शब्द इथे नको.

दुसरा: परिणाम कधी दिसेल असं लिहिलं होतं आणि प्रत्यक्ष कधी दिसला? आता सूत्रधारानं परिणामांचा कागद उघड करायचा. या वेळी खोलीत जो गलका होतो तो थांबवू नका. माणसं एकमेकांना समजावत असतात, तुम्ही समजावण्यापेक्षा ते चांगलं.

तिसरा: खेळातली कोणती गोष्ट खऱ्यासारखी वाटली आणि कोणती खोटी? हा प्रश्न गाळू नका. खेळ म्हणजे कोणीतरी बसवलेला सांगाडा आहे. कोणी म्हणेल की गेलेला निकाल परत येतो, एक चांगला शिक्षक आला तरी येतो. म्हणू द्या. नियमांवर हरकत घेणारा माणूस कारभाराचा विचार करू लागलेला असतो.

चौथा आणि शेवटचा: आपल्याकडे आत्ता अशी कोणती कामं आहेत, ज्यांचा परिणाम दीड वर्षानं दिसणार आहे? इथे नियम कडक ठेवा. कोणाचंही नाव घ्यायचं नाही, मागचं उकरायचं नाही, पुढचंच बोलायचं. प्रत्येकानं एक काम, ते कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून द्यायचं. 'सुधारणा करणे' असं लिहिलं असेल तर कागद परत करा. 'शिष्यवृत्तीचे अर्ज प्रवेशाच्याच दिवशी टेबल लावून भरून घेणे' असं हवं.

खेळात जो सगळ्यात कमी बोलला, त्याला चौथ्या प्रश्नाला पहिली संधी द्या.

१०. विद्यापीठ पातळीवर खेळायचं असेल तर

सांगाडा तोच, भांडवल वेगळं. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी झालं. सिरोंचा तालुका गडचिरोलीतल्या मुख्यालयापासून सुमारे २०० किलोमीटर. अशा विद्यापीठाच्या खेळात प्रवासाचे दिवस हे वेळेच्या चिठ्ठ्यांत धरावेच लागतात. व्यवस्थापन परिषद (पैसा आणि प्रशासन बघणारी), विद्यापरिषद (शैक्षणिक बाबी ठरवणारी) आणि परीक्षा विभाग असे तीन गट करा, सगळे एकाच विद्यापीठाचे. महाविद्यालयांच्या मागण्या सूत्रधार देतो.

उशिराचा नियम परीक्षांवर बसवा. २०१६ च्या अधिनियमात निकाल ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत लावण्याची अपेक्षा आहे. खेळात निकाल या मुदतीपलीकडे गेला की पुढचे प्रवेश लांबतात, पुढचं सत्र आखूड होतं, त्याचा ताण पुन्हा परीक्षेवर येतो. दोन फेऱ्यांत हे चक्र दिसायला लागतं. पण महाविद्यालयाचा खेळ निदान एकदा घेतल्याशिवाय याला हात घालू नका. सूत्रधाराचा हात बसलेला नसेल तर तिन्ही गटांचा हिशेब एकमेकांत गुंततो.

११. नंतर

लिहून घेतलेली कामं विकास समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या. वर्षातून किमान चार बैठका व्हायच्याच असतात, त्यातल्या एकीत अर्धा तास पुरतो. निर्णयपत्रकं, हस्तांतरणाचे अर्धे कागद आणि आलेख एका फाईलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षी त्याच माणसांसोबत खेळ घ्यायचा असेल तर परिणामांचा कागद बदलावा लागेल. उशीर तेच ठेवा, कामं बदला: प्रयोगशाळेच्या जागी वसतिगृह, छपराच्या जागी विहिरीचं खोलीकरण. चिठ्ठ्यांतला हंगाम आपल्या तालुक्याचाच राहू द्या.